एका क्षारासाठी साडेचार वर्षं: बेडाक्विलिनच्या पेटंटचं प्रकरण

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरच्या बेडाक्विलिन या औषधाच्या एका डबीत १८८ गोळ्या असतात. पहिले दोन आठवडे रोज चार, मग बावीस आठवडे आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन. ५६ आणि १३२ मिळून बरोबर १८८ होतात. म्हणजे एक डबी हा एका माणसाचा सहा महिन्यांचा पूर्ण कोर्स. २०२०मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांकडून या डबीचे ३४० डॉलर घेत होती, तेव्हाच्या दराने पंचवीस हजार रुपयांच्या आसपास. २०२३च्या ऑगस्टअखेर तोच कोर्स १३० डॉलरपर्यंत खाली आला. मधल्या काळात औषधात काहीच बदललं नव्हतं. एक पेटंट संपलं होतं आणि दुसरं मिळालं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

ते दुसरं पेटंट नाकारलं गेलं मुंबईत. अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनापासून शिवडीचं क्षयरुग्णालय फार लांब नाही, मधे वडाळा. ज्या शहरात औषधांना दाद न देणारा टीबी एवढा माजला, त्याच शहरातल्या कार्यालयात या औषधाच्या मक्तेदारीची मुदत ठरणार होती.

पेटंटबद्दल आपल्याकडे एक सरधोपट मांडणी ऐकू येते: संरक्षण भक्कम करा, संशोधनात पैसा येईल, ढिलं सोडा, आजची औषधं स्वस्त होतील पण उद्याची येणार नाहीत. ही मांडणी सरसकट खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती तपासायची तर एखादं औषध घेऊन त्यात पैसा कुणी, कधी आणि कशाच्या भरवशावर घातला हे बघावं लागतं. बेडाक्विलिन त्यासाठी फार चांगलं उदाहरण आहे.

या गोळीच्या आधी

माझ्या मावसभावाला २०११ साली एमडीआर टीबी झाला. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन ही टीबीची दोन मुख्य औषधं ज्या जंतूंवर चालत नाहीत, त्यांचा हा आजार. तेव्हाचा उपचार दीड-दोन वर्षांचा होता आणि त्यातले पहिले सहा महिने रोज कानामायसिनचं इंजेक्शन. चौथ्या महिन्यातली एक सकाळ मला लख्ख आठवते. तो स्वयंपाकघरातच पाटावर बसून पेपर वाचत होता. कुकरच्या पाच शिट्या झाल्या. मावशी बाहेरून म्हणाली, “अरे, गॅस बंद कर ना!” त्यानं मान वर केली नाही. आम्हाला वाटलं, मुद्दाम करतोय.

ही इंजेक्शनं कानातल्या नाजूक पेशी मारतात आणि उंच पट्टीचे आवाज आधी जातात, हे आम्हाला नंतर कळलं. आधी शिटी गेली, मग मोबाइलची रिंग, मग लहान मुलांचे आवाज. टीबी बरा झाला. कान परत आले नाहीत.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हा हाताशी असलेल्या कुठल्याच औषधाला त्यांचा टीबी दाद देत नव्हता. ‘टोटली ड्रग-रेझिस्टंट’ या नावावरून वाद झाला, पण डॉक्टरांच्या हातातली औषधं संपत चालली होती यात वाद नव्हता. रिफॅम्पिसिननंतर चार दशकं टीबीसाठी नव्या वर्गातलं एकही औषध आलं नव्हतं.

ते आलं २८ डिसेंबर २०१२ला. अमेरिकेची औषधनियामक संस्था एफडीएनं बेडाक्विलिनला त्वरित मंजुरी दिली. जंतूला ऊर्जा पुरवणारं एटीपी सिंथेस नावाचं एन्झाइमच ते बंद पाडतं. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून ईसीजी काढत राहावा लागतो, पण कान शाबूत राहतात. आणि ते तोंडावाटे घ्यायचं असतं.

पैसा कुणाचा होता

रेणू सापडला बेल्जियममधल्या बीर्स गावी, जॉन्सन अँड जॉन्सनच्या यान्सेन प्रयोगशाळेत. कून अँड्रीस आणि त्यांच्या गटानं शेकडो-हजारो रसायनं तपासून तो शोधला. हे श्रेय निर्विवाद त्यांचं आहे. टीबीच्या औषधाला श्रीमंत गिऱ्हाईक नसतं हे माहीत असूनही एका मोठ्या कंपनीनं ते काम चालू ठेवलं, याची कदर केलीच पाहिजे. मूळ रेणूच्या पेटंटचा अर्ज जुलै २००३चा. भारतात हे पेटंट मिळालं आणि वीस वर्षं पूर्ण चाललं. ते रद्द करा अशी मागणी या प्रकरणात कुणी केली नव्हती. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवावं.

पण शोध लागला म्हणून औषध लगेच रुग्णाला देता येत नाही. कुठल्या औषधासोबत द्यायचं, किती दिवस, एचआयव्ही असलेल्यांना चालतं का, हे सगळं चाचण्यांतून काढावं लागतं, आणि इथे सार्वजनिक पैसा येतो. अमेरिकी सरकारच्या संस्थांनी, टीबी अलायन्ससारख्या ना-नफा संस्थांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेनं हा भार उचलला. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं हिशेब मांडला: बेडाक्विलिनच्या विकासात सार्वजनिक गुंतवणूक ४५.५ ते ७४.७ कोटी डॉलर, कंपनीची ९ ते २४ कोटी डॉलर. अंदाज कुठल्याही टोकानं घ्या, लोकांचा पैसा कंपनीच्या दीडपटीहून जास्तच निघतो, वरच्या टोकाला पाचपटीच्या पुढे जातो.

कंपनीला पेटंटखेरीज मिळालेला इतर परतावाही या सार्वजनिक पैशात धरलेला आहे. दुर्मीळ आजाराच्या औषधासाठी अमेरिकेत करसवलत मिळते. दुर्लक्षित आजारावर औषध काढलं तर ‘प्रायॉरिटी रिव्ह्यू व्हाउचर’ मिळतं, म्हणजे आपल्या दुसऱ्या एखाद्या औषधाची तपासणी रांग ओलांडून लवकर करून घेण्याची मुभा. बेडाक्विलिनवर मिळालेलं हे व्हाउचर कंपनीनं सोरायसिसच्या गुसेलकुमॅब या औषधासाठी वापरलं. श्रीमंत देशांतल्या बाजारात असं औषध काही महिने आधी उतरवता येणं ही मोठी कमाई असते. टीबीच्या संशोधनाचं बक्षीस त्वचेच्या औषधाच्या बाजारात वसूल झालं. मला यात काही वावगं वाटत नाही. उलट, टीबीच्या रुग्णावर बोजा न टाकता संशोधकाला मोबदला देण्याची ही एक वाट आहे. मात्र मग गुंतवणूक केवळ पेटंटमुळे झाली हा दावा टिकत नाही.

पेटंट कडक केल्यानं दुर्लक्षित आजारांच्या संशोधनाला बळ येतं का, याचा अनुभव आपल्या घरातही आहे. ट्रिप्स या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारानुसार १ जानेवारी २००५पासून भारतानं औषधांना उत्पादन-पेटंट देणं सुरू केलं. १९७०च्या कायद्यात फक्त प्रक्रियेला पेटंट होतं, म्हणून आपल्या कंपन्या तेच औषध वेगळ्या पद्धतीनं बनवू शकत. कायदा बदलून नऊ वर्षं झाली आणि २०१४मध्ये अॅस्ट्राझेनेकानं बंगळूरमधली आपली संशोधन प्रयोगशाळा बंद करण्याचं जाहीर केलं. तिथे टीबीवर काम चालायचं. कंपनी दुर्लक्षित आजारांच्या संशोधनातूनच बाहेर पडत होती. रुग्णाच्या खिशात पैसा नसेल तर वीस वर्षांची मक्तेदारी असली काय, नसली काय, कंपनीच्या ताळेबंदात फारसा फरक पडत नाही.

अर्ज क्रमांक १२२०/एमयूएमएनपी/२००९

आता मूळ वादाकडे. पहिलं पेटंट जुलै २०२३मध्ये संपणार होतं. कंपनीनं दुसरा अर्ज टाकला होता तो बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षारासाठी. औषधाचा रेणू बरेचदा एखाद्या आम्लाशी जोडून क्षाराच्या रूपात गोळीत घालतात. त्यानं ते टिकाऊ होतं, हवेतली ओल धरत नाही, गोळी नीट बनते. औषधशास्त्रात हे नेहमीचं काम आहे. हे पेटंट मिळालं असतं तर डिसेंबर २०२७पर्यंत चाललं असतं. बाजारातली गोळी याच क्षाराची, त्यामुळे मूळ पेटंट संपूनही दुसऱ्या कुणाला ती बनवता आली नसती. जवळपास साडेचार वर्षं वाढीव.

भारतीय कायद्यात अशा अर्जांसाठी कलम ३(ड) आहे. ज्ञात पदार्थाचा नुसता नवा क्षार किंवा नवं रूप हा शोध मानला जात नाही. गुणकारकतेत लक्षणीय वाढ दाखवावी लागते. गुणकारकता म्हणजे रोग बरा करण्याची ताकद, गोळी बनवण्याची सोय नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ला नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक प्रकरणात स्पष्ट केलं होतं.

दुसरी तरतूद कलम २५(१)ची. पेटंट मिळण्याआधी कोणीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते. वकील, प्रतिस्पर्धी कंपनी किंवा भारताची नागरिक असायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या एचआयव्हीबाधितांच्या नेटवर्कनं २०१३मध्ये आधी विरोध नोंदवला. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली, त्यांच्या जिवावर सगळ्यात आधी टीबीच उठतो. मग फेब्रुवारी २०१९मध्ये दोन तरुणींनी, मेदसँ साँ फ्राँतिएर या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या पाठबळानं.

पहिल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन. पत्रकार आणि भरतनाट्यम नर्तकी. आतड्याचा टीबी दोनदा झाला आणि २०१३मध्ये इंजेक्शनांनी ऐकू येणं गेलं. दुसऱ्या फुमेझा टिसिले, केपटाउनच्या खायेलित्शा वस्तीतल्या. एक्सडीआर, म्हणजे एमडीआरहूनही जास्त औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या उपचारात कानामायसिननं त्यांचेही कान गेले.

फुमेझांनी आपला देश सोडून मुंबईच्या कार्यालयात विरोध का नोंदवावा? दक्षिण आफ्रिकेत तेव्हा पेटंट अर्जांची गुणवत्तेवर तपासणीच होत नसे. कागद नीट असले की पेटंट मिळे, आणि फ्युमरेटचं पेटंट तिथे मिळून गेलं होतं. शिवाय स्वस्त गोळी बनवू शकतील असे कारखाने भारतात होते. भारतातली वाट मोकळी झाली तर जगाला पुरवठा होऊ शकणार होता. दुसऱ्या खंडातली एक रुग्ण आपल्या पेटंट कार्यालयाचं दार ठोठावते आणि आपला कायदा तिला आत येऊ देतो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

चार वर्षं गेली. २३ मार्च २०२३ला कार्यालयानं अर्ज फेटाळला. रेणू आणि त्याचे क्षार कंपनीच्या स्वतःच्याच आधीच्या पेटंट कागदपत्रांत येऊन गेले होते. त्यातून फ्युमरेटपर्यंत पोचणं त्या क्षेत्रातल्या जाणकाराला अवघड नव्हतं. म्हणजे शोधकपायरी नाही, आणि कलम ३(ड)ही आड येतं.

कंपन्यांची एक तक्रार मात्र खरी आहे आणि तिला उत्तर दिलं पाहिजे. पेटंटची वीस वर्षं अर्जाच्या दिवसापासून मोजतात. बेडाक्विलिनची त्यातली साडेनऊ वर्षं मंजुरी मिळेपर्यंतच गेली. प्रत्यक्ष विक्रीला उरली साडेदहा. अमेरिका, युरोपात ही भरपाई करायला मुदतवाढीचा वेगळा कायदा आहे. भारतात नाही, आणि ट्रिप्स करारात तशी सक्तीही नाही. पण चाचण्यांत गेलेल्या काळाची भरपाई हवी असेल तर ती उघडपणे मागावी, संसदेनं तिच्यावर चर्चा करावी. क्षाराचा अर्ज हा त्याचा मागचा दरवाजा होऊ शकत नाही. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात कळीची गोष्ट ही: २००७मध्ये क्षाराचा मूळ आंतरराष्ट्रीय अर्ज दाखल झाला तेव्हा रेणू सापडलेला होता, पहिलं पेटंट मागितलेलं होतं, काम सुरू होतं. वाढीव साडेचार वर्षांच्या आशेनं आणलेली नवी गुंतवणूक या प्रकरणात मला कुठे दिसत नाही. दिसतं ते फक्त केलेल्या गुंतवणुकीवरचं वाढीव भाडं.

डबीचा भाव

सुरुवातीला कंपनीनं देशाच्या उत्पन्नाप्रमाणे भाव ठेवले होते: गरीब देशांना ९०० डॉलर, मध्यम उत्पन्नाच्या देशांना ३,०००, श्रीमंतांना ३०,०००. २०१८मध्ये दक्षिण आफ्रिकेनं घासाघीस करून ४०० डॉलरवर आणला, तोच मग इतरांना मिळाला. २०२०मध्ये ३४०. विद्यापीठांतल्या संशोधकांनी काढलेला उत्पादनखर्चाचा अंदाज मात्र ४८ ते १०२ डॉलर होता.

भारतात सुरुवातीची औषधं कंपनी आणि अमेरिकी सरकारची मदतसंस्था यूएसएड यांच्या देणगीतून आली. देणगी म्हणजे फुकट, मग अडचण काय? अडचण ही, की दान मोजूनमापून येतं. २०१६मध्ये देशात मोजक्या सहा केंद्रांत औषध सुरू झालं. पाटण्याच्या अठरा वर्षांच्या मुलीला दिल्लीतल्या एका केंद्रानं, ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून, औषध दिलं नाही. वडिलांनी उच्च न्यायालय गाठलं. जानेवारी २०१७मध्ये औषध मंजूर झालं, तोवर फुप्फुसं पार पोखरली होती. पुढच्या वर्षी ती गेली. नुसतं पेटंट नसतं तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. एकच पुरवठादार, तोही दान देणारा, आणि जपून वापरा म्हणणारी यंत्रणा, यांत औषध असूनही नसल्यासारखं झालं.

जुलै २०२३मध्ये मूळ पेटंट संपलं. त्याच महिन्यात कंपनीवर जगभरातून दबाव आला आणि देशांसाठी टीबीची औषधं एकत्रित खरेदी करणाऱ्या, स्टॉप टीबी पार्टनरशिपच्या ग्लोबल ड्रग फॅसिलिटीला बऱ्याच देशांसाठी जेनेरिक गोळ्या घेण्याची मुभा मिळाली. निविदेत मूळ कंपनीही होती आणि मुंबईची ल्युपिनही. ऑगस्टअखेर भाव उतरून १३० डॉलरपर्यंत आला, पावणेअकरा हजार रुपयांच्या आसपास. गोळीमागे बघितलं तर एक डॉलर ऐंशी सेंटांवरून सत्तर सेंटांच्याही खाली. ३० सप्टेंबरला कंपनीनं १३४ गरीब-मध्यम उत्पन्नाच्या देशांत उरलेली पेटंटं न बजावण्याचं जाहीर केलं.

गुंतवणुकीचा विषय निघाला की जेनेरिक कारखान्यातल्या गुंतवणुकीला कुणी गुंतवणूक म्हणत नाही, याचं मला वाईट वाटतं. औषधाचं संश्लेषण जमवणं, गोळी मूळ औषधाइतकीच रक्तात उतरते हे सिद्ध करणं, आंतरराष्ट्रीय खरेदीसाठी गुणवत्तेच्या परीक्षा पार करणं, याला वर्षं आणि पैसे लागतात. २०२७पर्यंत दार बंद असेल असं वाटलं तर कुठली कंपनी आत्ता पैसा घालेल? दुसरं पेटंट नाकारलं जाणं हीसुद्धा गुंतवणुकीला दिलेली खात्रीच होती.

याच काळात दक्षिण आफ्रिकेकडे बघा. फ्युमरेटचं पेटंट तिथे २०२७पर्यंत जिवंत. देश त्याच औषधाला ग्लोबल ड्रग फॅसिलिटीच्या भावाच्या दुपटीहून जास्त मोजत होता. सप्टेंबर २०२३मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगानं चौकशी सुरू केली आणि जुलै २०२४मध्ये कंपनीनं सुमारे ४० टक्के भाव कमी करायला व पेटंट न बजावायला मान्यता दिली. एकच क्षार, एकच कंपनी; एका देशानं तपासून नाकारलं, दुसऱ्यानं न तपासता दिलं. आणि जास्त पैसे मोजले ते त्या देशानं, ज्याच्या सरकारी दवाखान्यांतल्या हजारो रुग्णांच्या नोंदींनी हे औषध मृत्यू कमी करतं हे दाखवून दिलं होतं. २०१८मध्ये इंजेक्शनं सोडून सगळ्यांना गोळ्या देण्याचा निर्णयही आधी त्यांनीच घेतला, मग जागतिक आरोग्य संघटनेनं.

भाव उतरला म्हणून काम संपलं नाही. २०२२मध्ये जगात ४ लाख १० हजार लोकांना औषध-प्रतिरोधी टीबी झाला, त्यातले २७ टक्के भारतात, आणि जगभरात पाचांतल्या जेमतेम दोघांना उपचार मिळाले. निदान वेळेवर व्हावं लागतं, औषध तालुक्यापर्यंत पोचावं लागतं. बेडाक्विलिनलाही दाद न देणारे जंतू आता सापडू लागलेत, त्यामुळे पुढची औषधं लागणारच. टीबीच्या संशोधनावर जगानं २०२२मध्ये जेमतेम एक अब्ज डॉलर खर्च केले. गरज वर्षाला पाच अब्जांची आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या २०२३च्या बैठकीनं म्हटलं. ही तूट क्षारांची पेटंटं देऊन भरणार नाही. सार्वजनिक निधी, बक्षिसं, खरेदीची आगाऊ हमी, या वाटांनीच ती भरावी लागेल, जशी बेडाक्विलिनच्या बाबतीत बरीचशी भरली गेली.

मार्च २०२४मध्ये आठवड्याभरात दोन गोष्टी घडल्या. १० तारखेला भारतानं स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन या एफ्टा देशांशी व्यापार करार केला. त्यात पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचं आश्वासन आहे. स्विस औषध कंपन्यांना हवी असलेली चाचण्यांच्या माहितीवरची मक्तेदारी करारात आली नाही, हे चांगलं झालं. पण १५ तारखेला पेटंटचे सुधारित नियम लागू झाले. पेटंट वापरात आहे की नाही याचं विवरणपत्र आता दरवर्षी नाही, तीन वर्षांतून एकदा द्यायचं. पेटंटपूर्व विरोध नोंदवायला शुल्क लागतं, आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे की नाही हे नियंत्रक आधी ठरवतात. नंदिता आणि फुमेझा यांनी २०१९मध्ये विरोध नोंदवला तेव्हा त्याला एक रुपयाही लागत नव्हता.